माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक : घडण आणि अध्यापनदृष्टी

माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांपैकी एक किंवा सर्व विषय शिकवणारी व्यक्ती. पुष्कळ विद्यार्थ्यांचा विज्ञानाच्या शिक्षणाशी असलेला संबंध शाळेबरोबरच संपतो. पुराव्याकडे कसे पाहायचे याची जी सवय त्यांना इथे लागते, तीच त्यांना आयुष्यभर पुरते. त्यामुळे या शिक्षकाची दृष्टी हा केवळ भावी वैज्ञानिकांपुरता विषय नाही.

घडण : विज्ञानातील पदवी आणि अध्यापनाचे प्रशिक्षण ही या व्यवसायाची नेहमीची वाट. काहीजण संशोधन किंवा उद्योग सोडूनही शिकवण्याकडे वळतात. जीवशास्त्राच्या पदवीधराला भौतिकशास्त्राचे तास घ्यावे लागणे ही जगभर आढळणारी अडचण आहे. विषयाचे ज्ञान कच्चे असेल तर शिक्षक पुस्तकाला चिकटून राहतो आणि अनपेक्षित प्रश्न टाळतो. पण विषय पक्का असला म्हणजे शिकवता येतेच, असेही नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दोहोंच्या मधल्या एका ज्ञानाकडे लक्ष वेधले. एखादी संकल्पना कोणत्या उदाहरणाने उलगडते, मुले नेमकी कुठे अडतात, कोणती उपमा पुढे जाऊन दिशाभूल करते, हे ते ज्ञान. पदवीच्या अभ्यासक्रमात ते सहसा मिळत नाही. ते वर्गात, वह्या तपासताना आणि चुकलेल्या उत्तरांवर विचार करताना साठत जाते.

पूर्वकल्पना : मुले कोऱ्या पाटीने वर्गात येत नाहीत. शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, हाच शिकण्यावर परिणाम करणारा सर्वांत महत्त्वाचा घटक, असे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडले. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा येतो, ही समजूत याचे ठळक उदाहरण. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. ही चूक निव्वळ अज्ञानातून होत नाही. शेकोटीजवळ गेल्यावर ऊब वाढते, हा खरा अनुभव तिच्या मुळाशी असतो. म्हणूनच ‘चूक’ म्हणून फुली मारल्याने ती जात नाही. परीक्षेत ऋतूंचे खरे कारण, म्हणजे पृथ्वीच्या आसाचा कल, बरोबर लिहून मुले मनात शेकोटीच जपून ठेवतात.

झाडाचे वजन कुठून येते, हा असाच प्रश्न. बहुतेक मुले ‘मातीतून’ असे सांगतात. सतराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट यांनी तोललेल्या मातीत विलोचे रोप लावून पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाडाचे वजन ७० किलोग्रॅमहून अधिक वाढले, माती मात्र ६० ग्रॅमसुद्धा कमी झाली नाही. १६४८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, हा प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सारे पाण्यातूनच आले, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्यांना दिसला नाही. चांगला शिक्षक हा प्रयोग इथेच थांबवत नाही. मोजमाप अचूक असूनही निष्कर्ष अपुरा का राहिला, हे तो मुलांना शोधायला लावतो. विज्ञान कसे चालते, हे सांगणारे याहून सरस उदाहरण शालेय अभ्यासक्रमात क्वचितच सापडेल.

स्वयंशोधन आणि मार्गदर्शन : मुलांनी स्वतः शोधून शिकावे, हा आग्रह ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांनी नेटाने मांडला. त्यांच्या स्वयंशोधन पद्धतीत विद्यार्थ्याला शक्य तितके संशोधकाच्या जागी उभे केले जाई. विज्ञानाने शतकानुशतके कमावलेले सारे मुलांनी पुन्हा शोधावे इतका वेळ शाळेकडे नसतो, ही त्यावरची रास्त हरकत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला : नवख्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात माहिती धरून तिच्यावर विचार करण्याची क्षमता, तोकडी असते, म्हणून त्याला मोकळे सोडण्यापेक्षा स्पष्ट मार्गदर्शन द्यावे. या वादात एकच बाजू धरणारा शिक्षक तोट्यात राहतो. ओहमचा नियम मुले तारा जोडून शोधू शकतात. अणूची रचना तशी शोधता येत नाही, ती सांगावीच लागते.

प्रश्न आणि थांबणे : शिक्षकाची दृष्टी प्रश्न विचारल्यानंतरच्या क्षणात उघड होते. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे दिसले. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली, गप्प राहणारी मुले बोलू लागली, आणि शिक्षकांचे प्रश्नही सुधारले. याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. तरी वर्गातली शांतता सोसणे अनेकांना जड जाते.

प्रयोगशाळेलाही हेच लागू पडते. कृतीच्या पायऱ्या क्रमाने उरकून ‘अपेक्षित’ आकडा वहीत उतरवणे म्हणजे प्रयोग नव्हे. बल्बच्या आधी आणि नंतर विद्युतधारा किती असेल, हे मुलांनी आधी लिहायचे, मग अ‍ॅमीटर जोडायचा. बल्ब धारा ‘खाऊन टाकतो’ असे मानणाऱ्यांना दोन्हीकडे तोच आकडा दिसतो आणि चर्चेला तोंड फुटते.

दृष्टी बदलणे : ही दृष्टी नोकरीच्या पहिल्या दिवशी ठरून जात नाही. अमेरिकेतील भौतिकशास्त्र शिक्षक माल्कम वेल्स यांनी व्याख्यानपद्धती सोडून रॉबर्ट कार्प्लस यांच्या अध्ययनचक्रावर (आधी मुलांनी स्वतः हाताळून पाहायचे, मग संकल्पना मांडायची, मग ती वापरायची) आधारलेली, प्रयोगप्रधान पद्धत केव्हाच स्वीकारली होती. १९८० च्या दशकात हालून आणि हेस्टेनेस या भौतिकशास्त्र-शिक्षणाच्या संशोधकांनी बल व गतीविषयीच्या समजुती तपासणारी चाचणी तयार केली. वेल्स यांनी ती आपल्या वर्गाला दिली आणि निकाल पाहून त्यांना धक्का बसला. हातांनी प्रयोग करूनही मुलांच्या जुन्या समजुती जागच्या जागी होत्या. त्यांनी प्रयोग टाकून दिले नाहीत. प्रयोगानंतरच्या बोलण्याची मांडणी नव्याने केली आणि त्यातूनच हेस्टेनेस यांच्यासह प्रतिमानाधारित अध्यापन, म्हणजे मुलांनी घटनेचे प्रतिमान (मॉडेल) स्वतः रचून तपासण्याची पद्धत, उभे राहिले. या पद्धतीच्या वर्गात प्रत्येक गट आपला आलेख, आकृती आणि समीकरण एका लहान पांढऱ्या फळ्यावर मांडतो. बाकीचे विद्यार्थी त्यावर प्रश्न विचारतात, आणि शिक्षक ‘हे कशावरून म्हणता?’ असे विचारून थांबतो.