सांडपाणी प्रकल्पासाठी भावी प्रवाह आणि प्रदूषणभाराचा अंदाज (इंदूर)

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी, बांधायच्या आधी पंधरा किंवा तीस वर्षांनी तिथं रोज किती पाणी येईल आणि त्यात किती घाण असेल याचा जो हिशोब मांडतात तो हा. पाणी एमएलडीत मोजतात, एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, आणि घाण किलोत, बहुतेक करून बीओडीच्या किलोत, म्हणजे ती घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. हे दोन आकडे एका चालीनं वाढत नाहीत, सगळी गोम तिथंच आहे.

सुरुवात लोकसंख्येपासून. इंदूर शहर 2001 ला साधारण 14.7 लाख होतं, 2011 ला 19.6 लाख. दर दशकात तेवढेच 4.9 लाख वाढतील असं धरलं तर 2041 ला 34.3 लाख होतात, आणि त्याच टक्क्यानं, म्हणजे दशकाला 33 टक्क्यांनी वाढतील असं धरलं तर 46 लाखांच्याही वर. फरक 12 लाख माणसांचा! माणशी 108 लिटरनं तो 130 एमएलडी होतो, कबीटखेडीला जो 245 एमएलडीचा एसबीआर (एकाच टाकीत पाळीपाळीनं पाणी भरून शुद्ध करायची पद्धत) प्रकल्प आहे त्याच्या निम्म्याहून जास्त, आणि हे नुसतं सूत्र बदललं म्हणून. त्यात 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, तेव्हा मतदारयाद्या, वीज कनेक्शनं, नवीन कॉलन्यांचे नकाशे हे सगळं जुळवून बघावंच लागतं, आणि फक्त बायपासकडच्या नवीन कॉलन्यांकडे बघूनही चालत नाही कारण रामबागेसारख्या जुन्या वस्तीत वाडा पडून तिथं चार मजले उभे राहिले की त्याच गटारात माणसं वाढतात.

108 लिटर कुठून आले? केंद्र सरकारच्या सांडपाण्यावरच्या 2013 च्या मॅन्युअलप्रमाणे माणशी 135 लिटर पुरवठा धरतात आणि त्यातलं 80 टक्के गटारात येतं असं मानतात. इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून पंप करून आणतात, त्याचा हिशोब सापडतो, पण घरोघरच्या बोरिंगचं पाणी कुठल्याच बिलात नसतं आणि गटारात मात्र येतं. पावसाळ्यात चेंबरांतून आणि फुटक्या जोडांतून शिरणारं पाणी वेगळं धरायचं.

आता भार. त्याच मॅन्युअलात माणशी बीओडी दिवसाला 27 ग्रॅम धरलाय, 108 लिटरमध्ये तो लिटरला 250 मिलिग्रॅम होतो. पाण्याचा वापर दीडपट होऊन 162 लिटरवर गेला तर तेच 27 ग्रॅम जास्त पाण्यात पसरून लिटरला 167 मिलिग्रॅमवर उतरतात, कारण माणूस पाणी जास्त वापरतो म्हणून घाण जास्त करत नाही. नवीन प्रवाहाला जुनं 250 लावून गुणाकार केला की भार उगाच दीडपट दिसतो आणि ब्लोअर, म्हणजे जिवाणूंसाठी टाकीत हवा सोडणारे पंखे, गरज नसताना मोठे घेतले जातात, मग विजेचं बिल वर्षानुवर्षं शहरानं भरायचं. हे मला फार खटकतं.

उलटी चूक, म्हणजे भार कमी धरणं, जास्त घातक. कान्ह आणि सरस्वती या नद्यांना मिळणाऱ्या नाल्यांवर आधी नाला अडवून पाणी वळवतात, त्या पाण्याचं सॅम्पल पातळ येतं कारण बरीच घाण घरच्या सेप्टिक टँकमध्येच बसलेली असते आणि नाल्यात झऱ्याचं पाणीही मिसळतं. घरं थेट ड्रेनेजला जोडली गेली की लोकसंख्या तीच राहून भार एकदम चढतो. म्हणून आजच्या सॅम्पलवरून पुढचा भार काढू नये, माणशी ग्रॅमनं काढावा आणि सॅम्पलनं पडताळावा. सॅम्पलही दुपारची एक बाटली नको, चोवीस तास दर तासाला घेऊन प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेलं हवं, नाहीतर सराफा बाजारात मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या खाऊगल्लीचं तेलकट पाणी त्यात येणारच नाही. सांवेर रोडच्या कारखान्यांचं पाणी वेगळं मोजायचं, ते माणशी हिशोबात बसत नाही.

सरासरीवर प्रकल्प चालत नाही, सकाळचा लोंढा झेलावा लागतो. साडेसात लाखांवरच्या वस्तीला सरासरीच्या 2 पट, वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला 3 पट धरतात.

गटारं आणि जमीन तीस वर्षांची, यंत्रं पंधरा वर्षांची धरतात. पहिल्या दिवशीचा कमीत कमी प्रवाहही काढावा लागतो, कारण मोठ्या पाइपात थोडं पाणी रेंगाळलं की गाळ बसतो आणि मोठ्या टाकीत जिवाणू उपाशी राहतात. त्यामुळे प्रकल्प मॉड्यूलमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्यानं जोडता येणाऱ्या सारख्या भागांत, बांधतात, पुढच्या मॉड्यूलची जागा आणि पाइपाचं तोंड आधीच सोडून ठेवतात, आणि दर पाच वर्षांनी खरा आलेला प्रवाह व भार अंदाजाशेजारी ठेवून मगच पुढचं टेंडर काढतात.