आजोबांची शिकारी सुरी परदेशी पाठवायची आहे? आधी मूठ बघा

परदेशातल्या मुलाला आजोबांची शिकारी सुरी पाठवायची, म्हणून लोक पुरातत्त्व खात्याच्या दाखल्यामागे धावतात. पुष्कळ खेटे घालून दाखला मिळवतात आणि सुरी कस्टमपाशी अडकते. सगळ्यांचे लक्ष पात्याकडे असते, घोडे मात्र मुठीपाशी पेंड खाते.

मूठ उजेडात धरून बघा. म्हशीचे शिंग काळे, भरीव आणि तंतुमय असते, त्याची वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने काळजी नाही. हाडावर बारीक काळपट ठिपके किंवा रेघोट्या दिसतात. सांबर-चितळाच्या शिंगाला बाहेरून खडबडीत पन्हळी असतात आणि कापलेल्या टोकाला स्पंजासारखा गाभा. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लास्टिकची, निघाली तर पेट घेईल, हस्तिदंताची निघाली तर कायमचा डाग पडेल.

सांबरशिंगाच्या बाबतीत हमखास होणारी चूक म्हणजे अर्जात "शिंग जंगलात गळून पडलेले होते, प्राणी मारलेला नाही" असे लिहिणे. लिहिणाऱ्याला वाटते, सुटलो. पण चितळ आणि सांबराच्या गळून पडलेल्या शिंगांपासून केलेल्या वस्तूंच्याच निर्यातीवर बंदी आहे! म्हणजे हे वाक्य लिहून आपणच आपला अर्ज बाद करतो. मूठ काढून शिसवाची बसवा, हा दुसरा सल्ला. त्याने जुन्या सुरीची किंमत पडते आणि काढलेले शिंग घरात उरतेच.

हस्तिदंत किंवा म्यानाला जडवलेले वाघनख असेल तर प्रकरण गंभीर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याखालचे मालकी प्रमाणपत्र मागतात, आणि हा कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो. नोंद न केलेल्यांना २००३ साली १८० दिवसांची मुभा दिली होती, ती बहुतेक घरांत कोणाला कळलीही नाही. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने आली, तरी वारसाने ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे आपल्या राज्यात नागपूरला, घोषणापत्र द्यायचे असते. लोक हे दिवस पेटी उघडल्यापासून मोजतात. ते मोजायचे वारसा मिळाल्यापासून. मुदत उलटली असेल तर लपवून ठेवण्यापेक्षा वकिलाला विचारून लेखी कळवा.

मूठ साधी निघाली तरच पात्याकडे वळा. पुरातन वस्तू कायदाही १९७२ चाच, आणि त्यात शंभर वर्षांची अट आहे. सीमा दरवर्षी पुढे सरकते: १९२५ ची सुरी २०२५ मध्ये पुरातन झाली. मग ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, नेल्यास किमान सहा महिने कैद. तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरातन वस्तू नाही' असा दाखला घ्यायचा. त्यासाठी ओळखपत्र आणि सर्व बाजूंचे फोटो द्या, वस्तू दाखवायची तयारी ठेवा.

वय ठरवताना घरातली आख्यायिका उपयोगाची नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात घडवलेल्या काही पात्यांवर मुकुटाच्या दोन बाजूंना राजाची अक्षरे असतात. 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ च्या आधीची, वादच नाही. 'जी आर' मात्र फसवे, कारण दोन जॉर्ज मिळून १९१० ते १९५२ पर्यंत पोचतात. 'स्टेनलेस' असा ठसा १९१३ नंतरचाच, त्या आधी ते पोलादच नव्हते. गावच्या लोहाराने घडवलेल्या सुरीवर ठसा नसतो. तिथे खुणा शोधायच्या: पात्यावर कानशीचे पुसट दाते दिसले तर ते जुन्या कानशीपासून घडवलेले. मोटारीच्या पाट्यापासून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीपासून, केलेले पाते मोटारी आल्यानंतरचे. म्हणून कृपा करून चिंच, राख, पॉलिशपेपर काही लावू नका. एका ओळखीच्या गृहस्थांनी अर्जाआधी सुरी आरशासारखी चकचकीत करून आणली, आणि वय सांगणारी एकही खूण उरली नाही.

शस्त्र कायद्याचे एक माप लक्षात ठेवा. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि ते घरकाम-शेतीसाठी घडवलेले नसेल, तर ते शस्त्रांच्या यादीत येते. माप पात्याचे, मुठीसकट नाही. परवाना लागतो का, हे तुमचा भाग अधिसूचित, म्हणजे सरकारने त्यासाठी जाहीर केलेला, आहे का यावर ठरते, म्हणून पोलीस ठाण्यात विचारा. जाताना सुरी नेऊ नका, फोटो न्या. हे सांगावे लागते, कारण लोक पिशवीत सुरी घालून ठाण्यात जातात.

किमतीचे म्हणाल तर हस्तिदंती मुठीची बाजारकिंमत शून्य धरा, विक्रीच बंद आहे. सांबरशिंगाची विकायची तर आधी वन खात्याला लेखी विचारा. बाकी सुऱ्यांत ठसा, मूळ म्यान आणि न घासलेले पाते यांना पैसे मिळतात. शिकारीच्या गोष्टीला मिळत नाहीत, सोबत जुना फोटो किंवा पत्र असेल तरच थोडे. वाटणीसाठी मूल्यांकन हवे असेल तर ते लेखी घ्या, आणि त्यात मूठ कशाची आहे हे स्पष्ट लिहून घ्या. मूल्यांकन करणारे नेमके तेवढेच मोघम ठेवतात.