‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हा मेसेज अर्धाच असतो

माझी मावसबहीण बाळंतपणासाठी मावशीकडे पुण्यात धायरीला आली होती. कळा देऊन देऊन थकली, मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, घाईघाईत सिझर आणि त्यानंतर रक्तच थांबेना. रात्री दीडला मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलं, बाळ-बाळंतीण सुखरूप. खोटं काहीच नव्हतं त्यात, दोघंही वाचली होती. पण दोन महिने झाले तरी स्पिरिटचा वास आला की तिचे हात थरथरायचे, डोळे मिटले की तो वरचा मोठा दिवा आणि कुणीतरी "बीपी पडतंय" म्हणून ओरडतंय, आणि बाळ गाढ झोपलेलं असलं तरी श्वास चालू आहे ना बघायला रात्रीतून पंधरा-वीसदा उठायची. लसीसाठी त्याच हॉस्पिटलात जायचं म्हटलं की उलटी. घरातले सगळे म्हणायचे, अगं बाळ किती गोड आहे, झालं गेलं विसर, डिंकाचा लाडू खा.

तिला जे झालं होतं त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे जिवावर बेतलेल्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास. सैनिकांना, अपघातातून वाचलेल्यांना होतो तोच, आणि तो बाळंतपणानंतरही होतो हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिलं तर साधारण 100 बाळंतिणींमध्ये 3 ते 4 जणींना होतो, आणि इमर्जन्सी सिझर, खूप रक्तस्राव, कमी दिवसांचं बाळ अशी गुंतागुंत असेल तर 15 ते 18 जणींना.

यात मेंदूचं काय होतं? जिवावर बेतलं की अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, अमिग्डाला नावाचा भीतीचा भाग ते क्षण घट्ट पकडून ठेवतो, पण "हे कधी झालं, कुठे झालं, आणि आता ते संपलंय" अशी नीट नोंद करायचं काम हिप्पोकॅम्पसचं, ते त्या गडबडीत अर्धवट राहतं असं मानतात. म्हणून ती आठवण आठवणीसारखी येत नाही, आत्ता घडतंय असं वाटतं. विसर म्हटल्याने ती जात नाही आणि मुद्दाम टाळल्याने तर अजून चिकटते.

पोस्टपार्टम डिप्रेशन हे वेगळं. दोन्ही एकाच बाईला असू शकतं, पण डिप्रेशनसाठी एडिनबराची 10 प्रश्नांची जी यादी 1987 पासून वापरतात, त्यात प्रसूतीच्या आठवणी अंगावर येतात का असा प्रश्नच नाही, त्यामुळे त्रास नजरेतून सुटू शकतो. खास बाळंतपणाच्या आघातासाठी 29 प्रश्नांची सिटी बर्थ ट्रॉमा स्केल आली ती थेट 2018 मध्ये.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे आघात फक्त रक्त आणि टाक्यांमुळे होत नाही. ब्रिटनमध्ये सुझन एअर्स या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये बायकांना विचारलं की प्रसूतीतला सर्वात वाईट क्षण कोणता, तर कुणी लक्ष दिलं नाही, काय चाललंय ते सांगितलं नाही, एकटं सोडलं, असे क्षण ज्यांनी सांगितले त्यांच्यात पीटीएसडीचा धोका कितीतरी जास्त निघाला. माझी बहीणही रक्ताबद्दल कमी बोलते, "ताई, मला कुणी काही सांगतच नव्हतं गं" हेच पुन्हा पुन्हा म्हणते. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी जवळची बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्येच मान्यता दिलीये, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. मागून घ्या ते.

उपचाराचं म्हणाल तर लक्षणं महिनाभरापेक्षा जास्त राहिली की थांबू नका. ट्रॉमावर, म्हणजे आघातावर, भर देणारी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर या दोन्हींना अभ्यासांचा चांगला आधार आहे. ईएमडीआरमध्ये ती आठवण मनात धरून डोळ्यांनी डावी-उजवीकडे हलणारं बोट बघायचं असतं, ऐकायला विचित्र वाटतं, पण एक समजूत अशी की मेंदूची वर्किंग मेमरी, म्हणजे आत्ता मनात धरलेलं ठेवायची जागा, थोडीशीच असते, ती दोन कामांत वाटली गेली की आठवणीची धार बोथट होते. याच धाग्यावर स्वित्झर्लंडमध्ये 2017 साली 56 बायकांवर छोटा प्रयोग झाला, इमर्जन्सी सिझरनंतर सहा तासांच्या आत काहींना 15 मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं आणि पहिल्या आठवड्यात त्यांना नकोशा आठवणी कमी आल्या! अजून मोठे प्रयोग हवेत, पण मला हे फार आशादायक वाटतं.

एक मात्र करू नका. "बोल, सगळं पहिल्यापासून सांग, मोकळी हो" म्हणून मागे लागू नका. एकाच बैठकीत सगळा प्रसंग परत जगायला लावू नये असं उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2014 मध्ये स्पष्ट सांगितलंय. ती आपणहून बोलली तर मात्र मध्ये न तोडता ऐका.

पुण्यात ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट, मराठीतही बोलता येतं. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही म्हणून अडून बसू नका, फोन तर घरातूनच होतो.

बहिणीने थेरपी घेतली, मधे एकदा नवऱ्याला घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन केसपेपर ओळ न ओळ समजून घेतला, किती वाजता काय झालं, कुणी काय केलं. आता त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने रिक्षा गेली तरी ती बाळाशी बोलत बसते. स्पिरिटच्या वासाने अजून दचकते. दुसऱ्या मुलाचं अजून ठरलेलं नाही, आणि ते कुणी तिला विचारू नये एवढंच तिचं म्हणणं आहे.