बॅक्टेरिओसिन

काही जीवाणू जवळच्या जातींतील स्पर्धक जीवाणूंना मारण्यासाठी जी पेप्टाइडे (ॲमिनो आम्लांच्या लहान साखळ्या) किंवा प्रथिने तयार करतात, त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. १९२५ मध्ये आंद्रे ग्रासिया यांना एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूचा एक वाण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाची वाढ रोखतो असे आढळले, आणि त्यातून कोलिसिनांचा शोध लागला. कोलिसिने ही मोठी प्रथिने आहेत. येथे विचार केला आहे तो लहान पेप्टाइडांचा.

यांपैकी बहुतेक पेप्टाइडांवर धन विद्युत्‌भार असतो, तर जीवाणूच्या पेशीपटलाचा बाहेरचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे ती त्याकडे ओढली जातात. मात्र एवढ्या आकर्षणाने त्यांचा प्रभाव पुरता उलगडत नाही. अत्यल्प प्रमाणातही ती मारक ठरतात, कारण त्यांतील अनेकांना पेशीवरील एखादा ठरावीक रेणू अचूक पकडता येतो.

लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुधातील जीवाणूपासून मिळणारे नायसिन हे याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण होय. त्यात ३४ ॲमिनो आम्ले असून गंधकाच्या सेतूंमुळे साखळीत पाच कडी तयार होतात. पेशीभित्ती बांधण्यासाठी लागणारे घटक लिपिड-२ नावाच्या रेणूवर चढवून पटलापलीकडे नेले जातात. नायसिनची पहिली दोन कडी या रेणूच्या पायरोफॉस्फेट (दोन जोडलेले फॉस्फेट) भागाभोवती पिंजऱ्यासारखी बसतात, आणि मग साखळीचे दुसरे टोक मधल्या बिजागरीवर वळून पटलात शिरते. नायसिनचे आठ आणि लिपिड-२ चे चार रेणू मिळून एक छिद्र घडते. त्यातून आयन व इतर लहान रेणू बाहेर झिरपतात, पटलावरील विद्युत्‌दाब कोसळतो आणि पेशी मरते. शिवाय लिपिड-२ अडकून पडल्याने भित्तीचे बांधकामही थांबते. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविकही याच रेणूला चिकटते, पण त्याच्या पेप्टाइड टोकाला. ते टोक बदलून जीवाणू त्याला चुकवू शकतात. पायरोफॉस्फेट बदलणे त्यांना फार अवघड आहे, आणि नायसिनचे खरे बळ याच निवडीत आहे.

पेडिओसिन वेगळी वाट धरते. मॅनोज ही शर्करा पेशीत आणणाऱ्या प्रथिनसंचाला पकडून ते पटलाला भोक पाडते. लिस्टेरिया या रोगकारक जीवाणूवर ते विशेष प्रभावी आहे.

ग्रॅम-ऋण जीवाणूंना बाह्यपटलाचे कवच असल्याने नायसिन सहसा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यावर चालतात ती त्यांच्याच भाऊबंदांनी तयार केलेली लहान बॅक्टेरिओसिने, म्हणजे मायक्रोसिने. २१ ॲमिनो आम्लांचे मायक्रोसिन जे२५ स्वतःच्या कड्यातून स्वतःचीच शेपटी ओवून घेतलेल्या फासासारखे दिसते. लोह आत घेण्याच्या दारातून ते पेशीत शिरते आणि आरएनए पॉलिमरेज या, डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या विकराचे काम बंद पाडते. मायक्रोसिन सीला तर भक्ष्याची पेशीच अन्न समजून आत घेते. तिचीच विकरे त्याचे तुकडे करतात आणि त्यातून प्रथिननिर्मिती रोखणारे विष मोकळे होते.

निर्माता जीवाणू स्वतः मरत नाही, कारण विषाच्या जनुकांशेजारीच संरक्षक जनुकेही असतात. नायसिनच्या बाबतीत एक प्रथिन पटलावर पहारा देते, तर दुसरा संच पटलात शिरलेले रेणू उपसून बाहेर टाकतो. भक्ष्य जीवाणूही कधी भित्तीतील आम्लांवर ॲलानिन हे ॲमिनो आम्ल चढवून पृष्ठभागाचा ऋणभार कमी करतात. मग पेप्टाइड पटलापर्यंत पोहोचणेच अवघड होते.