४४ हजर, ४६ हवेत: पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेतले दोन तट

२९ सप्टेंबर १७८७, शनिवार. फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेची हजेरी झाली आणि ४४ सदस्य भरले. सभागृहाची एकूण संख्या ६९. दोन तृतीयांश हजर असल्याशिवाय कामकाज चालवायचं नाही, असा राज्यघटनेचाच नियम, म्हणजे ४६ जण हवेत. विधानसभेच्या सत्राचा तो शेवटचा दिवस होता आणि ९ ऑक्टोबरला नवी निवडणूक. दोन माणसं कमी पडत होती, आणि त्या दोघांवाचून अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेवर विचार करायला राज्याचं अधिवेशन, म्हणजे त्यासाठीच निवडलेल्या प्रतिनिधींची वेगळी सभा, बोलावण्याचा ठराव अडून बसला होता.

ही दोन माणसं पुढे कशी मिळाली ते बहुतेक इतिहासांत चार ओळींत येतं, तेही गंमत म्हणून. मला त्यात गंमत दिसत नाही. त्या दिवशी जे घडलं त्याच्या मागे अकरा वर्षांचं भांडण होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय १९ आमदार सभागृह सोडून का गेले, हे कळत नाही.

भांडणाचं मूळ १७७६ च्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेत आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर तीनच महिन्यांत, २८ सप्टेंबर १७७६ रोजी ती मंजूर झाली. त्या काळातल्या तेरा राज्यांत इतकी लोकाभिमुख घटना दुसरी नव्हती. सभागृह एकच, वर उमरावांसारखं दुसरं सभागृह नाही. गव्हर्नर नाही, त्याच्या जागी निवडून आलेलं कार्यकारी मंडळ. दर वर्षी निवडणूक. कर भरणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र पुरुषाला मत, मग त्याच्या नावावर जमीन असो वा नसो. सात वर्षांत चारपेक्षा जास्त वर्षं कुणीही आमदार राहायचं नाही. सभागृहाची दारं लोकांना उघडी. आणि सगळ्यात विलक्षण तरतूद अशी, की कोणतंही सार्वजनिक विधेयक शेवटच्या वाचनाआधी छापून लोकांपुढे ठेवायचं आणि तातडीची गरज नसेल तर पुढच्या अधिवेशनापर्यंत त्याचा कायदा करायचा नाही. म्हणजे मधल्या निवडणुकीत मतदाराला त्यावर बोलता यावं.

या घटनेच्या बाजूने उभे राहिले ते ‘कॉन्स्टिट्यूशनलिस्ट’. त्यांचा जोर सस्केहाना नदीच्या पलीकडे, डोंगराळ आणि सरहद्दीच्या भागात, स्कॉटिश-आयरिश वंशाच्या प्रेस्बिटेरियन शेतकऱ्यांत. जॉर्ज ब्रायन, रॉबर्ट व्हाइटहिल, जॉन स्मायली, विल्यम फिंडले ही त्यांची माणसं. फिंडले आयर्लंडहून आलेला विणकर. हातमागावरून उठून विधानसभेत आला आणि शहरातल्या नामांकित वकिलांना उत्तरं देऊ लागला. समोर होते ‘रिपब्लिकन’. आजच्या त्या नावाच्या पक्षाशी त्यांचा काही संबंध नाही. फिलाडेल्फियाचे व्यापारी, वकील, सावकार हा त्यांचा कणा: रॉबर्ट मॉरिस, जेम्स विल्सन, जॉर्ज क्लायमर, थॉमस फिट्झसिमन्स, थॉमस मिफ्लिन, डॉक्टर बेंजामिन रश. एकच सभागृह आणि वर कुणाचा लगाम नाही, ही रचना म्हणजे झुंडशाहीला आमंत्रण, असं त्यांचं ठाम मत. घटना बदलल्याशिवाय राज्याची घडी बसणार नाही, हा त्यांचा एककलमी कार्यक्रम.

कॉन्स्टिट्यूशनलिस्टांची बाजू मला जवळची वाटते, पण त्यांच्या पदरातले दोष लपवता येत नाहीत. १७७७ मध्ये त्यांनी निष्ठेच्या शपथेचा कायदा केला. शपथ न घेणाऱ्याचा मताचा हक्क गेला. धर्मामुळे शपथच न घेणारे क्वेकर आणि काही जर्मन पंथ, ज्यांच्या हातांनी हे राज्य वसलं, ते एका फटक्यात मतदार यादीबाहेर गेले. बाहेर गेलेल्यांत विरोधकांचे मतदार बरेच होते, हे सांगायला नकोच. दुसऱ्या पारड्यात हेही टाकायला हवं: १ मार्च १७८० रोजी गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा याच तटाच्या विधानसभेने केला, आणि त्यामागे ब्रायनचा हात मोठा होता.

भांडण कागदावरच राहिलं असं नाही. ऑक्टोबर १७७९ मध्ये महागाईने पेटलेले मिलिशियाचे, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलाचे, लोक जेम्स विल्सनच्या घरावर चालून गेले. आत विल्सन आणि त्याचे मित्र बंदुका घेऊन बसले होते. गोळीबार झाला, माणसं मेली, आणि त्या घराला ‘फोर्ट विल्सन’ हे नाव कायमचं चिकटलं. पुढच्या प्रत्येक वादात विल्सनच्या बाजूला जमावाची भीती आणि समोरच्या बाजूला बंदुका बाळगणाऱ्या श्रीमंतांची आठवण, दोन्ही जाग्या राहिल्या.

घटना बदलण्याचा एकच सनदशीर मार्ग होता. दर सात वर्षांनी निवडून येणारं ‘सेन्सर मंडळ’ दोन तृतीयांश मतांनी घटना-अधिवेशन बोलावू शकत असे. १७८३ च्या अखेरीस मंडळ भरलं तेव्हा रिपब्लिकनांकडे बहुमत होतं, पण दोन तृतीयांश नव्हतं. १७८४ च्या दुसऱ्या बैठकीपर्यंत पारडं फिरलं आणि अधिवेशनाची मागणी फेटाळली गेली. आता पुढची संधी सात वर्षांनी. दोन तृतीयांश या आकड्याने रिपब्लिकनांना एकदा असं थोपवलं होतं. १७८७ मध्ये तोच आकडा पुन्हा आडवा आला तेव्हा त्यांचा संयम का सुटला, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

मग बँकेचं प्रकरण. मॉरिसच्या पुढाकाराने १७८२ मध्ये सुरू झालेल्या बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाची राज्याची सनद १७८५ मध्ये कॉन्स्टिट्यूशनलिस्ट विधानसभेने रद्द केली. १७८६ मध्ये फिंडले आणि मॉरिस याच सभागृहात या प्रश्नावर समोरासमोर आले आणि ती चर्चा छापून लोकांच्या हाती पडली. फिंडलेचं म्हणणं असं: एका संस्थेत इतका पैसा आणि इतकी सत्ता गोळा झाली की लोकराज्याला ते पेलत नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकन जिंकले आणि मार्च १७८७ मध्ये काही मर्यादा घालून सनद परत दिली गेली. फिलाडेल्फियात देशाची घटना लिहायला अधिवेशन भरलं, ते या पार्श्वभूमीवर, दोन महिन्यांनी.

त्या अधिवेशनाला विधानसभेने आठ प्रतिनिधी पाठवले, आणि आठही फिलाडेल्फियाचे. पश्चिमेकडचा एकही नाही, शेतकऱ्यांचा म्हणावा असा एकही नाही. त्यांतले क्लायमर, फिट्झसिमन्स आणि अध्यक्ष मिफ्लिन हे विधानसभेतही बसत होते. १७ सप्टेंबरला याच स्टेट हाउसमध्ये सह्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी नवी घटना विधानसभेत वाचून दाखवली गेली. पलीकडच्या खेड्यांपर्यंत वर्तमानपत्र पोचायलाही वेळ लागे. तरी दहाव्या दिवशी, शुक्रवारी २८ सप्टेंबरला, क्लायमरने ठराव मांडला: मान्यतेसाठी राज्याचं अधिवेशन बोलवा.

ज्या दिवशी १७७६ ची घटना मंजूर झाली होती, त्याच तारखेला, बरोबर अकरा वर्षांनी.

व्हाइटहिल आणि फिंडले यांनी थांबण्याची विनंती केली. न्यूयॉर्कमध्ये भरणाऱ्या काँग्रेसने, म्हणजे सगळ्या राज्यांच्या सामाईक सभेने, हा दस्तऐवज अजून राज्यांकडे पाठवलेला नाही. लोकांनी तो वाचलेला नाही. निवडणूक दारात आहे, नवी विधानसभा ठरवेल. क्लायमरच्या बाजूचं उत्तर होतं की पेनसिल्व्हेनियाने आधी पाऊल टाकलं तर तो मान राज्याचा. मनातली भीती उघड होती: नवी विधानसभा कुणाची येईल, कुणी सांगावं. अधिवेशन बोलवावं हे तत्त्व ४३ विरुद्ध १९ मतांनी मान्य झालं. तारखा आणि निवडणुकीची रीत ठरवण्यासाठी दुपारी चारला पुन्हा जमायचं ठरलं.

चारला ते १९ जण आलेच नाहीत. मत देणारे ४३ आणि अध्यक्ष धरून ४४. सार्जंट-ॲट-आर्म्सला, म्हणजे सभागृहाच्या शिस्तीच्या अधिकाऱ्याला, पाठवलं. पश्चिमेकडचे बरेच आमदार अलेक्झांडर बॉइडच्या खानावळीत उतरायचे. तिथे ते सापडले आणि यायला नकार देऊन मोकळे झाले. हा सभात्याग आजच्या अर्थाने निषेध नव्हता. अल्पमतातल्या माणसाच्या हातात घटनेने ठेवलेलं ते शेवटचं हत्यार होतं, आणि त्यांनी ते विचारपूर्वक उचललं.

त्याच शुक्रवारी न्यूयॉर्कमध्ये काँग्रेसने घटना राज्यांकडे पाठवण्याचा ठराव केला. घोडेस्वार रातोरात निघाला आणि शनिवारी सकाळी तो कागद फिलाडेल्फियात पोचला. काँग्रेसची वाट पाहा, हा विरोधकांचा मुद्दा आता उरला नाही. सार्जंट पुन्हा गेला, या वेळी काँग्रेसचा ठराव हातात घेऊन. पुन्हा नकार.

मग शहरातले लोकच तिथे गेले. बिऱ्हाडाचं दार फोडून जमावाने फ्रँकलिन काउंटीचे जेम्स मॅककाल्मंट आणि डॉफिन काउंटीचे जेकब मायली यांना धरलं, रस्त्यातून ओढत स्टेट हाउसपर्यंत नेलं आणि सभागृहात ढकललं. कपडे फाटलेले. या जमावाचा पुढारी म्हणून नौदलाचा नामवंत कप्तान जॉन बॅरी याचं नाव घेतलं गेलं. गणसंख्या पुरी झाली: ४६.

पुढचा प्रसंग थॉमस लॉइड या लघुलेखकामुळे आपल्यापर्यंत पोचला आहे. मॅककाल्मंट उठला आणि म्हणाला, मला अनोळखी नागरिकांनी जबरदस्तीने इथे आणलं आहे, मला जाऊ द्या. गैरहजेरीचा नियम वाचला गेला: गणसंख्येला न येणाऱ्याला पाच शिलिंग दंड. त्याने खिशातून सुटी नाणी काढली. हे घ्या तुमचे पाच शिलिंग, मला सोडा. गॅलरी हसली. तो दाराकडे निघाला, तर गॅलरीतून ओरडा झाला, अडवा त्याला. दारात लोक उभेच होते. चर्चा झाली, त्याला जायची परवानगी मिळाली नाही, आणि त्याच्या उपस्थितीत उरलेलं कामकाज पार पडलं. ६ नोव्हेंबरला अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडायचे, २० नोव्हेंबरला अधिवेशन भरायचं. सभागृह उठलं.

त्या हसण्यापाशी मी दर वेळी थांबतो. सरहद्दीवर लढून आलेला, मतदारांनी पाठवलेला माणूस फाटक्या कपड्यांत उभा आहे, नियमातला दंड भरायला तयार आहे, आणि सभागृह त्याच्या शरीराचा आकडा मोजून घेतं आहे. बहुमत क्लायमरकडे होतंच, त्याबद्दल वाद नाही. १९ जणांनी ४३ जणांना कायमचं अडवून ठेवणं योग्य, असंही मी म्हणणार नाही. पण दहा दिवसांनी निवडणूक होती. त्या दहा दिवसांचीही वाट न पाहिल्याची किंमत पुढे चुकवावी लागली.

सभागृह सोडणाऱ्यांपैकी १६ जणांनी आपल्या मतदारांना उद्देशून निवेदन काढलं: घाई, सगळे प्रतिनिधी शहराचे, आणि दोन सहकाऱ्यांची झालेली विटंबना. त्याचे पडसाद राज्यभर उमटले. ‘सेंटिनल’ या टोपणनावाने जॉर्ज ब्रायनचा मुलगा सॅम्युएल नव्या घटनेवर लेखमाला लिहू लागला. ६ ऑक्टोबरला विल्सनने स्टेट हाउसच्या आवारात घटनेच्या समर्थनाचं भाषण केलं. ६ नोव्हेंबरच्या रात्री पुन्हा जमाव जमला आणि बॉइडच्या घरावर दगड पडले. मॅककाल्मंटची तक्रार कार्यकारी मंडळापुढे गेली, बॅरीवर खटला भरण्याची भाषा झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही.

नोव्हेंबरमध्ये भरलेल्या राज्याच्या अधिवेशनातही प्रतिनिधी ६९ च होते. १२ डिसेंबरला मत झालं: ४६ विरुद्ध २३. व्हाइटहिलने त्या दिवशी हक्कांच्या सनदेसाठी १५ दुरुस्त्या सुचवल्या. त्या नोंदवूनही घेतल्या गेल्या नाहीत. २३ पैकी २१ जणांनी आपल्या विरोधी मताचं निवेदन छापलं, त्यात त्या आल्या. धर्म, भाषण, ज्यूरी, झडती यांबद्दलच्या त्यांतल्या अनेक मागण्या १७९१ च्या हक्कांच्या सनदेत सापडतात. डिसेंबर संपायच्या आत कार्लाइल गावात घटनेच्या आनंदोत्सवावर विरोधकांचा जमाव चालून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने विल्सनचा पुतळा जाळला.

१७८९ मध्ये रिपब्लिकनांनी विधानसभेतून थेट राज्याचं घटना-अधिवेशन बोलावलं. सेन्सर मंडळाला विचारलंही नाही. १७९० मध्ये नवी राज्यघटना आली. दोन सभागृहं, एक गव्हर्नर, आणि पहिला गव्हर्नर थॉमस मिफ्लिन, तोच जो त्या शनिवारी अध्यक्षांच्या खुर्चीत होता. फिंडले पुढच्याच वर्षी काँग्रेसमध्ये गेला. कामकाजासाठी लागणारी दोन तृतीयांश गणसंख्या नव्या घटनेने काढून टाकली. आता निम्म्याहून अधिक पुरेसे होते, आणि गैरहजर सदस्याला सक्तीने हजर करण्याचा अधिकार कायद्याने त्याहून कमी हजर सदस्यांनाही देता येईल, असं त्याच कलमात लिहिलं.