ट्यूबचा १०० वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचा ३०० वॅट?

आपल्या गोव्यात बास गिटारवाल्यांमध्ये अँपबद्दल (म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, काचेच्या ट्यूबवर चालणारा किंवा ट्रान्झिस्टरवर) हे वर्षानुवर्षं फिरतंय, "ट्यूबचा वॅट मोठा असतो". डिचोलीच्या जत्रेत स्टेजमागे मी पण कितीदा ऐकलंय, आणि खरं सांगू, कानाला तसं वाटतंच त्यामुळे मानणाऱ्याची चूक नाही.

पण वॅट हा वॅटच. फरक पडतो तो अँप कुठपर्यंत ताणता येतो त्यात. ट्रान्झिस्टरवाला मर्यादेला पोचला की एकदम करकरतो, मग आपण घाबरून आवाज कमी करतो. ट्यूबवाला मात्र हळूहळू दबत जातो, विकृती येते पण गोड लागते, म्हणून आपण तो पिळत राहतो आणि सरासरी आवाज जास्त मिळतो. शिवाय ट्यूब अँपची स्पीकरवरची पकड सैल, त्यामुळे खालचे सूर जरा फुगतात. १९६९ चा अँपेग एसव्हीटी हा ट्यूबवाला बास अँप घ्या, १४ ट्यूब, ३०० वॅट, उचलताना कंबर जाते ती वेगळीच. ट्यूबचा वॅट तिप्पट असता तर एवढं धूड बनवलंच कशाला असतं?

तपासायचंय? कॅबिनेट (स्पीकरची पेटी) एकच ठेवा, फोनवरून १०० हर्ट्झचा सूर सोडा, मध्यम आवाजात दोन्ही अँप आळीपाळीने लावा आणि स्पीकरच्या तारांवर मल्टीमीटरने एसी व्होल्ट सारखे करा. कानाला जवळपास सारखंच ऐकू येईल. व्होल्टचा वर्ग भागिले स्पीकरचे ओहम, साधारण वॅट मिळाले (२० व्होल्ट, ८ ओहम म्हणजे ५०). फक्त एक, अँप बदलताना दोन्ही बंद करा, ट्यूब अँप स्पीकरशिवाय चालवला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.