एपीआयचं डॉक्युमेंटेशन आणि टूलचं वर्णन: मजकूर सारखा, वाचणारा वेगळा

एजंट, म्हणजे एआय भाषा-मॉडेलच्या आधारे कामं करणारा प्रोग्राम, बनवायला घेतला की एक मोह हमखास होतो. एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याची सेवा वापरायच्या सोयीचं) डॉक्युमेंटेशन तयार असतंच. त्यातला परिच्छेद उचलायचा आणि टूलच्या, म्हणजे मॉडेलला वापरायला दिलेल्या फंक्शनच्या, डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवायचा. दोन्हीकडे नाव, पॅरामीटर (भरायची माहिती), त्यांचे टाइप असंच सगळं असतं, त्यामुळे काही राहिलंय अशी शंकाही येत नाही. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलने टूल मागवायची सोय) आणलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला टूल जोडायची सामायिक पद्धत) आला, आणि टूल जोडणं सोपं होत गेलं तसा हा मोहही वाढला.

डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्या डेव्हलपरने कोणता एपीआय वापरायचा हे बहुतेक वेळा आधीच ठरवलेलं असतं. अडलं तर तो एकदा कॉल करून बघतो, कोड उघडतो, टीममधल्या कुणाला विचारतो. मॉडेलला मात्र टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटची जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा आराखडा) एवढंच दिसतं, आतला कोड दिसत नाही. समोरच्याचा प्रश्न आला की हाताशी असलेल्यांपैकी कोणतं टूल वापरायचं, की वापरायचंच नाही, हे त्याला तेवढ्यावरच ठरवावं लागतं.

रेल्वे प्रवाशांना मदत करणारा एजंट घेऊ. डॉक्युमेंटेशनमध्ये ओळ असते: "गाडीचं रनिंग स्टेटस परत करतो. ट्रेन नंबर: स्ट्रिंग, पाच अंकी. तारीख: वर्ष-महिना-दिवस." (स्ट्रिंग म्हणजे मजकूर.) डेव्हलपरला एवढं पुरतं. आता ११०४० महाराष्ट्र एक्सप्रेस बघा. ती सकाळी गोंदियाहून सुटते आणि पुण्याला दुसऱ्या दिवशी पोचते. पुण्यात चढणारा प्रवासी विचारतो, "माझी आजची गाडी कुठवर आलीय?" मॉडेल आजची तारीख भरतं. फॉरमॅट बरोबर, एरर नाही. पण माहिती येते आज गोंदियाहून निघणाऱ्या, म्हणजे उद्या पुण्याला पोचणाऱ्या गाडीची. "गाडी अजून सुटलेली नाही," असं एजंट ठामपणे सांगतो आणि खरी गाडी निघून जाते.

त्याच टूलचं वर्णन मी असं लिहीन:

"गाडी आत्ता कुठे आहे आणि किती उशिरा धावतेय ते सांगतं. 'गाडी कुठे आली', 'किती लेट आहे' अशा प्रश्नांसाठी वापरा. तिकीट कन्फर्म झालं का हे यातून कळत नाही; त्यासाठी पीएनआर स्टेटसचं टूल वापरा. तारीख म्हणजे गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून सुटली तो दिवस, प्रवासी चढतो तो दिवस नव्हे. नक्की माहीत नसेल तर आधी वेळापत्रकाच्या टूलमधून काढा. उत्तर रिकामं आलं तर त्या दिवसाची नोंद सापडली नाही, एवढाच अर्थ घ्या. गाडी रद्द आहे असं सांगू नका."

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला 'यातून कळत नाही' हेच वाटतं. गाडी कुठे आहे आणि तिकीट कन्फर्म झालं का, या दोन्ही गोष्टींना प्रवासी 'स्टेटस'च म्हणतो. डॉक्युमेंटेशनचं प्रत्येक पान आपापल्या एंडपॉइंटपुरतं (एपीआयच्या एकेका सेवेपुरतं) बोलतं, शेजारच्याशी होणारा गोंधळ तिथे बहुधा नोंदवलेलाच नसतो. स्टेशन कोडचंही तसंच: दादरला मध्य रेल्वेवर डीआर, पश्चिम रेल्वेवर डीडीआर. 'स्टेशन कोड, स्ट्रिंग' एवढ्यावर मॉडेलने कोणता निवडावा? हा खुलासा त्या पॅरामीटरच्याच वर्णनात हवा.

उलट ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), रेट लिमिट (किती वेळा कॉल करता येतो त्याची मर्यादा), व्हर्जनचा इतिहास हे डॉक्युमेंटेशनमध्ये हवंच, टूलच्या वर्णनात नको. ते आपला प्रोग्राम सांभाळतो. टूलची वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (ते एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरात) जागा खातात, टोकन (मजकुराचे मोजायचे तुकडे) लागतात. पण टोकन वाचवायला निघालेले लोक नेमकी तारखेची ओळ कापतात, हे मला फार खटकतं.

टूल जी एरर परत करतं, तीही मॉडेलच वाचतं. डॉक्युमेंटेशनमध्ये '४००: इनव्हॅलिड इनपुट' चालून जातं. एजंटसाठी मात्र लिहा: "ट्रेन नंबर पाच अंकी हवा. आलेला आकडा दहा अंकी आहे, बहुधा पीएनआर असावा. पीएनआर स्टेटसचं टूल वापरा." मग पुढचा कॉल बरोबर टूलकडे जाण्याची शक्यता खूप वाढते.